तोंडाचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी.

माझं तोंड वाईट आहे.

हे मी म्हणत नाही, सून म्हणते. आज चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या स्वयंपाकघरात, मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत चपला घालत होते. जिने बत्तीस वर्षं विमानतळावर घोषणा केल्या, त्या बाईला नळाच्या आवाजाचं काय कौतुक? तीन विमानं एकदम गुरगुरत असताना हॉलच्या पार दुसऱ्या टोकाच्या प्रवाशाने मला दिलेली शिवी मी ऐकलेली आहे. लाउडस्पीकरवरून तिला उत्तरही दिलेलं आहे.

विषय बटणचा होता. बटण म्हणजे माझी नात. वय पाच, नाक शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून बटण. सून तीन मार्चपासून पुन्हा नोकरीवर जाणार. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत पोरीला ठेवायचं कुणाकडे? एकीकडे मी, याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दुसरीकडे सुनेची आई, माझी विहीण, दोन बस बदलून. यात विचार करण्यासारखं काय आहे? पण हल्लीची पिढी विचार करते.

सुनेचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते. "आईंचा जीव आहे तिच्यावर, त्यात शंकाच नाही. पण तोंड किती वाईट आहे त्यांचं! पोरगी रोज त्यात बसणार. या वयात लागायला कितीसा वेळ लागतो?" आणि माझा मुलगा, ज्याला मी नऊ महिने पोटात वाहिलं आणि नंतर जन्मभर डोक्यावर घेतलं, तो काय म्हणाला? "मला काय सांगतेस? मी त्यातच मोठा झालोय. ऑफिसात सगळे तिच्यापासून चार हात लांब उभे राहायचे."

तो आदर आहे असं मी समजत होते.

तिथल्या तिथे आत जाऊन दोघांना सुनावणार होते. पण सुनावायला तोंड उघडावं लागतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड न उघडता घरी आले.

ठरलं. महिनाभरात तोंड स्वच्छ आणि बटण माझ्याकडे.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

सकाळपासून परीक्षा. ओंजळीत श्वास सोडून हुंगला. काही नाही. आरशावर सोडला. आरसा धुरकटला, पण तो कुणाच्याही श्वासाने धुरकटतो. मनगट चाटून वाळू द्यावं आणि हुंगावं असं एका मासिकात वाचलं होतं. मनगटाला कांद्याचा वास आला. कांदा मी सकाळी चिरला होता, तेव्हा हा पुरावा बाद. शिवाय आपलं नाक आपल्याच बाजूने साक्ष देणार.

मग एकेक आठवायला लागलं. मी लिफ्टमध्ये शिरले की लोकांना अचानक जिना आठवतो. सोसायटीचा सेक्रेटरी माझ्याशी बोलताना चौकट धरून एक पाय बाहेरच ठेवतो. ग्रंथालयातली मुलगी मी काउंटरपाशी पोचले की खाली वाकून पेन शोधते, आणि ते पेन मी जाईपर्यंत सापडत नाही. मीटिंगमध्ये मी बोलायला उभी राहिले की कुणीतरी उठून खिडकी उघडतं.

बिचारे! इतकी वर्षं सोसलं आणि एकालाही तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. मी त्यांच्या जागी असते तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं. सांगितलेलं आहे. अकाउंट्समधल्या तिघांना.

५ फेब्रुवारी, बुधवार.

डेंटिस्ट. पोरगा तिशीचा असेल, दाढी कालच फुटल्यासारखी. "या, बसा आजी," म्हणाला. मी म्हटलं, मी तुझी आजी असते तर तू भांग सरळ पाडला असतास. मॅडम म्हण.

आरसा घातला, टोचलं, खरवडलं, खुर्ची वर-खाली केली. शेवटी म्हणे, या वयात इतकं निरोगी तोंड मी बघितलेलं नाही. हिरड्या घट्ट, कीड नाही, वास नाही.

वास नाही! आणि हे तो मास्क लावून म्हणतो! नाकावर दोन पदरी कापड बांधून वासाबद्दल मत देणारा वैद्य मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं, काढ तो मास्क आणि हुंग. नको नको म्हणाला. दोनदा म्हणाला. आणखी काय पुरावा हवा?

काही लिहून दिल्याशिवाय मी उठणार नाही असं सांगितलं आणि उठले नाही. बाहेरचे पेशंट दारातून डोकवायला लागल्यावर त्याने माउथवॉश लिहून दिला. सौम्य. दिवसातून दोनदा, ब्रश झाल्यावर, तीस सेकंद तोंडात खेळवायचा आणि थुंकायचा. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. "आणि मॅडम, गिळायचा नाही." मी काय कुकुल्या बाळासारखी दिसते?

६ फेब्रुवारी, गुरुवार.

औषधाच्या दुकानात दोन बाटल्या. हिरवी सौम्य, निळी कडक. निळी घेतली. दुकानदार म्हणाला, चिठ्ठीत सौम्य लिहिलंय. म्हटलं, चिठ्ठी लिहिणाऱ्याने मास्क लावला होता. तो "माउतवॉश, माउतवॉश" करत होता, तेव्हा त्याला जिभेचं टोक दातांत धरायला लावून तीनदा "थ" म्हणवून घेतला. तिसरा बरा आला. मागे रांग झाली होती. रांगेतल्या दोघांना दुसऱ्या दुकानाची आठवण झाली. वास असणारच.

कॉन्व्हेंटमध्ये उच्चार फार बघत. आणि भाषाही. कुणाच्या तोंडून वाईट शब्द गेला की सिस्टर स्वतः बेसिनपाशी नेऊन साबणाने तोंड धुवायला लावत. बाकीच्या मुलींना वर्षातून एखादे वेळी. मला आठवड्यातून तीन-चारदा. म्हणूनच माझे दात असे शुभ्र राहिले. त्या मानाने माउथवॉश म्हणजे चैनच.

संध्याकाळी पहिला प्रयोग. झाकणातल्या रेघेपर्यंत भरला, तोंडात घेतला. आग! कान गरम झाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, त्यामुळे घड्याळ दिसेना. मग मनात घोषणा सुरू केली: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपले सामान बेवारस सोडू नये, अनोळखी व्यक्तीकडून कोणतीही वस्तू स्वीकारू नये..." ही घोषणा मी बरोब्बर तीस सेकंदांत म्हणत असे. कधी एकोणतीस नाही की एकतीस नाही. "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" ला थुंकले.

आता बघू कोण नाक मुरडतं ते.

९ फेब्रुवारी, रविवार.

सकाळी तोंड भरलेलं आणि दारावर बेल. सेक्रेटरी. हातात रंगाची दोन कार्डं. एक गुलाबी, एक फिकट करडं. "मावशी, लॉबी रंगवायचीय. एवढी तुमचीच पसंती राहिलीय. तुमची हरकत असणार हे गृहीत धरूनच आलोय, पण विचारायचं म्हणून विचारतो, हा पहिला कसा वाटतो?"

पहिला म्हणजे गुलाबी. माझ्या तोंडात निळं पाणी, डोक्यात उत्तर तयार. मी बोट नाचवून "म्म्म्म!" केलं. म्हणजे खबरदार. त्याने एक बोट म्हणजे पहिला नंबर असा अर्थ घेतला. "पहिला? पक्का? अहो मावशी, आज सूर्य कुठून उगवलाय!" असं म्हणत उड्या मारत जिना उतरला. मी बेसिनकडे धावले, थुंकून परत आले, तोवर पायऱ्यांवर फक्त त्याच्या गुणगुणण्याचा आवाज.

पण एक गोष्ट टिपली. आज तो चौकट सोडून चांगला दोन पावलं आत आला होता. नाकही मुरडलं नाही. इतक्या लवकर गुण! बाटलीचा खप उगाच नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

मुलाकडे जेवण. ब्रश आणि बाटली पिशवीतून घेऊन गेले. विहीण आलेली होतीच. मी तिला मनात मधाचं बोट म्हणते. एकदाच चारचौघांत म्हटलं होतं, लग्नात. बोलते इतकं हळू आणि गोड की समोरच्याला आपण लुटले गेलो हे घरी गेल्यावर कळावं. दाढेत कायम लवंग. आता ध्यानात येतं, सुनेला आईचं एवढं कौतुक का. लवंगेचा वास!

जेवणानंतर त्यांच्या बेसिनपाशी माउथवॉश तोंडात घेतला, आणि ही बाई मुद्दाम मागे येऊन उभी. "विहीणबाई, कशाला हो हा व्याप अंगावर घेता? पोरीच्या मागे धावणं या वयात तुम्हाला झेपायचं नाही. माझ्याहून चांगल्या दोन वर्षांनी मोठ्या ना तुम्ही?"

आठ महिने! आठ महिन्यांनी मोठी आहे मी! उत्तराचे तीन भाग तयार झाले. वय, वजन आणि तिच्या गुडघ्यांची दोन ऑपरेशनं. पण घोषणा "अनोळखी व्यक्तीकडून" पर्यंतच आली होती. सिस्टरच्या तालमीत वाढलेली बाई अर्ध्यावर थुंकत नाही. थुंकले तोवर मधाचं बोट बाहेर जाऊन सोफ्यावर बसलेलं.

मागे मुलगा उभा. म्हणाला, "आई, तू तिला काहीच बोलली नाहीस?" त्याचे डोळे ओलावले होते. मेंथॉलची वाफ गेली असणार. छोटंसं बाथरूम, खिडकी बंद.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

आढावा. सून हल्ली माझ्या शेजारी येऊन बसते. मुलगा जाता-येता बेल वाजवतो. काल तर लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची बाई माझ्याबरोबर खालपर्यंत आली. मी तेव्हा नुकतंच तोंड भरून निघाले होते. म्हणजे औषधाचा जोर पहिल्या मिनिटात सर्वात जास्त असतो. शास्त्रीय निष्कर्ष.

म्हणून निश्चय: दिवसातून दोनदा पुरे नाही. कुणाला भेटायच्या आधी प्रत्येक वेळी. पर्ससाठी एक छोटी चपटी बाटली भरून घेतली. जिन्यात एक घोट घेताना वॉचमनने पाहिलं आणि चटकन भिंतीकडे तोंड केलं. सभ्य माणूस आहे.

तक्रार: जेवणाला चव नाही. आमटी काय आणि कोमट पाणी काय, सारखंच. मिठाचा दर्जा घसरलाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

सुनेला नव्या ऑफिसात कागदपत्रं द्यायला जायचं होतं, म्हणून बटणला शाळेतून मी आणलं. हात धरून, वाटेत खार दाखवत, अगदी मजेत. इमारतीत शिरले आणि थबकले.

लॉबी रंगवून झालेली. गुलाबी म्हणजे तो फुलाबिलाचा गुलाबी नव्हे. हिरड्यांचा गुलाबी. हुबेहूब. वर ओला चकचकाट. लिफ्टचं काळं दार उघडलं की आपण कुणाच्या तरी घशात निघालो आहोत असं वाटतं. सेक्रेटरी रंगाऱ्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभा, आणि मला म्हणतो, "कशी वाटली मावशी, तुमची पसंती?"

छोटी बाटली घरी राहिली होती. मी बोलले. "डोळे कपाटात ठेवून आलात का? आणि अक्कल? ती धुवायला टाकली होती ना, अजून वाळली नाही वाटतं? नसेल वाळत, तर पिळून घाला, पण घाला!" एवढंच. तो म्हणाला, "पण तुम्हीच बोट..." त्या बोटाचंही मग मी सांगितलं.

बटण फार शहाणी. मोठी माणसं बोलत असताना मध्ये एक शब्द नाही. माझा हात घट्ट धरून उभी, डोळे मोठे, ओठ आपले हळूहळू हलताहेत. प्रार्थना म्हणत असावी. संस्कार असतात एकेकाच्या रक्तात.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

शाळेतून सुनेला फोन. चित्रकलेच्या तासाला टीचरने चुकून सगळ्यांना हत्तीऐवजी बदकाचे कागद वाटले. तर बटण उभी राहून म्हणाली, "टीचर, डोळे कपाटात ठेवून आलात का? अक्कल वाळली नाही का अजून?"

मला आधी कौतुक वाटलं. पाच वर्षांच्या मुलीचं वाक्य, पण प्रत्येक शब्द जागच्या जागी. मग वाटलं, हे शिकली कुठे? विहिणीकडे. दुसरं कोण? गोड बोलणारी माणसं दारं लावून काय बोलतात हे कुणी ऐकलंय?

पण सून माझ्याकडे बघून मुलाला म्हणाली, "बघितलंस? लागलं शेवटी."

लागलं! पोरीला माझा आजार लागला! बटणला खिडकीत नेऊन तोंड उघडायला लावलं आणि हुंगलं. बिस्किट आणि पेन्सिल. तरी खात्री काय? बाटली काढली, पण वर स्वच्छ लिहिलंय, सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. नियम म्हणजे नियम. तिला सकाळ-संध्याकाळ ब्रश करायला सांगितलं आणि मी स्वतः तिच्यापासून एक हात लांब बसले. ती सरकून जवळ आली. मी आणखी सरकले. सोफा संपला.

असा दिवस वैऱ्यावर येऊ नये. विहिणीवर आला तर चालेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

पुन्हा डेंटिस्ट. जीभ पायपुसण्यासारखी झालीय, चव गेलीय, आणि नातीला लागण झाल्याचा संशय. सगळं सांगितलं. त्याने जीभ बघितली आणि पहिला प्रश्न, "दिवसातून किती वेळा घेता?" खरं ते सांगितलं. तो स्टुलावर बसला. कडक बाटली आजच्या आज बंद करा, सौम्य घ्या, दोनदा म्हणजे दोनदाच. चव आठवडाभरात येईल. आणि तोंडाला काही झालेलंच नाही.

"पण तुम्हाला हे सांगितलं कोणी?"

सुनेने, म्हटलं. माझ्या पाठीमागे. तोंड फार वाईट आहे, म्हणाली.

त्याने उपकरणं खाली ठेवली. "असं म्हणाल्या? तोंड वाईट आहे? आणि तुम्ही इकडे आलात?" मग कुठे जायचं, सुताराकडे? मास्कच्या वर त्याचे डोळे बारीक झाले आणि खांदे हलायला लागले. नर्स बाहेर निघून गेली. "मॅडम," तो म्हणाला, "त्यावर माझ्याकडे औषध नाही."

निदान कबूल केलं. त्याला फी दिली आणि भांग सरळ पाडायची पुन्हा आठवण केली.

हिरवी बाटली आणली. निळी फेकून द्यायला जीव झाला नाही. परवा बटणला कुणाकडे ठेवायचं त्याची बैठक आहे. त्या एका दिवसापुरती ठेवते.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.

उभ्या उभ्याच लिहितेय. आनंदाने.

बैठक पाच वाजता, चौथ्या मजल्यावर. मी भाषण तयार केलं होतं. तीन मुद्दे, शेवट इंग्रजीतून. दारापाशी जिन्यात निळ्याचा तोंडभर घोट घेतला. बेत असा की आत जाऊन थुंकायचा आणि ताज्या तोंडाने बोलायला बसायचं.

बाथरूमला आतून कडी. बटण बाहुलीला आंघोळ घालत होती. "पाच मिन्टं!" आतून ओरडली. स्वयंपाकघरात गेले तर सिंकला टेकून मधाचं बोट उभं. तिच्यासमोर थुंकणं शक्य नाही. खुर्चीत जाऊन बसले. तोंड गच्च.

मुलगा म्हणाला, "आई, तू आधी बोल." मी डोळे मिटून मान हलवली आणि हात विहिणीकडे केला. सुनेच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

मग विहीण बोलली. एरवी मी दुसऱ्याच वाक्याला तिला अडवते, तेव्हा तिला पुढचं बोलायची पाळीच येत नाही. आज अडवायला कुणी नव्हतं. आधी मध. पोरगी माझा प्राण, मी तिच्यासाठी काहीही करीन. कुणी काही बोलेना, म्हणून पुढे. दुपारी माझ्या मालिका असतात, ती बसेल शेजारी टीव्ही बघत, मुलांना काय लागतं? तरी कुणी बोलेना, म्हणून आणखी पुढे. "आणि खरं सांगू का गं, तुला या नोकरीचं खूळ तरी कशाला? नवरा कमावतोय. पोर लोकांच्या दारात टाकून जायचं म्हणजे..." हे सगळं अगदी हळू, गोड आवाजात, लेकीच्या गालावरून हात फिरवत.

सुनेचा गाल लॉबीच्या रंगाचा झाला.

मला यावर बोलायचं होतं! देवा, किती बोलायचं होतं! घोषणा सहाव्यांदा चालली होती. नाकातून वाफा, डोळ्यांतून धारा. सून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बघा, आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण एक शब्द बोलल्या नाहीत. आई, मी चुकले तुमच्या बाबतीत. बटण तुमच्याकडेच राहील."

गिळला. सगळा. बाटलीवर मनाई आहे, माहीत आहे. आनंदाच्या भरात झालं.

माउथवॉशने करून दाखवलं.

२ मार्च, रविवार.

सकाळी: उद्यापासून बटण. छोटी खुर्ची आणली, खिडकीपाशी मांडली. पेन्सिलींना टोकं केली. चव परत आली, मिठाचा दर्जा सुधारलाय. सुनेचे आभार मानायला वर जाणार. मोठेपणा मोठ्यांनीच दाखवायचा असतो.

संध्याकाळी: वर गेले. सुनेला म्हटलं, तू त्या दिवशी माझ्या मागे बोललीस, पण खरं बोललीस. मी मनात ठेवलेलं नाही. उलट महिनाभर मेहनत घेतली. आता जवळ ये आणि हुंग.

"काय हुंगू?"

तोंड.

ती मुलाकडे बघायला लागली. मुलाच्या हातात कप होता, तो त्याने आधी खाली ठेवला. "आई, तू ते... तोंड वाईट म्हणजे... वास? म्हणून ती बाटली?" आणि फ्रिजला टेकून घसरत घसरत खाली बसला. हसताना त्याला श्वास मिळेना. "बोलणं गं आई! तुझं बोलणं! वास कुठे आलाय!" सून त्याला गप्प करत होती आणि स्वतः तोंडाला ओढणी लावून वाकली होती.

म्हणजे महिनाभर मी जीभ भाजून घेतली, आळणी जेवले, पोरीपासून सोफ्याच्या टोकाला जाऊन बसले, ते माझं बोलणं वाईट आहे म्हणून? माझं? ज्या आवाजावर विमानं भरत होती?

मग मी बोलले. महिन्याचं साठलेलं होतं. डेंटिस्टच्या मास्कपासून सुरुवात केली आणि विहिणीच्या लवंगेपर्यंत कुणाला वगळलं नाही. स्पष्ट उच्चार, योग्य विराम. सेक्रेटरीला दोनदा घेतलं. शेवटी सवयीने "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" असंही म्हटलं.

कुणी हसत नव्हतं. सून दाराकडे बघत होती. दारात बटण उभी. डोळे मोठे, ओठ हळूहळू हलत होते.

ती प्रार्थना नव्हे, हे आज माझ्याही ध्यानात आलं.

३ मार्च, सोमवार.

बटण विहिणीकडे गेली. दोन बस. ठीक आहे. मला मोकळा वेळ हवाच होता, कपाट आवरायचं राहिलंय.

कपाट आवरलं नाही. छोटी खुर्ची आत नेऊन ठेवली. मग पुन्हा बाहेर. आत जागा नव्हती.

माउथवॉश केला नाही. आता कुणासाठी? संध्याकाळी केला. बाटली पडून वाया जायला नको.

५ मार्च, बुधवार.

मुलगा आला. खुर्चीच्या काठावर बसला. काल दुपारी विहिणीने मालिका लावली आणि बटणने बाहुलीच्या अंघोळीला पाणी मागितलं. विहीण गोड आवाजात "थांब हं राणी" म्हणाली. तीन वेळा म्हणाली. तेव्हा बटणने उभं राहून माझं रविवारचं भाषण म्हणून दाखवलं. लवंगेसकट. शेवटी आभारही मानले.

विहीण रडली म्हणे. मुलगी तुमची तुम्ही सांभाळा, मला झेपायचं नाही, म्हणाली.

झेपायचं नाही! तिचेच शब्द! यावर मला सुचलेलं वाक्य इतकं नेमकं होतं की लिहून ठेवावं. पण मी ते बोलले नाही. तोंड रिकामं होतं, तरी नाही. मुलगा बराच वेळ वाट बघत होता.

मग तो म्हणाला, उद्यापासून बटण तुझ्याकडे. सुनेची एकच अट. माउथवॉश सोडायचा नाही.

आता कशाला? डेंटिस्टने तोंड निरोगी ठरवलंय. मुलगा म्हणाला, "हो ना, ते तसंच राहू दे. आणि बटणला सगळं समजावून सांगितलंय. तिच्याकडे दिलंय ते खातं."

चला. शेवटी तोंडाच्या आरोग्याचं महत्त्व सुनेला पटलं. एवढंही माझ्यामुळेच.

६ मार्च, गुरुवार. दुपारी.

बटणला शाळेतून आणलं. दप्तराच्या बाजूच्या खिशात, पाण्याच्या बाटलीशेजारी, सौम्य हिरवी बाटली. सुनेने ठेवलेली. वाटेत खार भेटली. एकूण वेळ उत्तम चालला होता.

लॉबीत सेक्रेटरी. गुलाबी रंग भडक वाटतो अशा तक्रारी आल्या म्हणून रंगाऱ्याकडून मधोमध रुंद पांढरे पट्टे मारून घेत होता. उभे, एकाला एक लागून, वरच्या बाजूला एक रांग आणि खालच्या बाजूला एक.

दात! हिरड्यांवर दात! आणि वर मला विचारतो, "आता कसं वाटतं मावशी?"

मी तोंड उघडलं. बटणने दप्तर खाली ठेवलं, झाकण भरलं, काठोकाठ, आणि पुढे केलं. "आजी, आ."

घेतला. मनात प्रवाशांना लक्ष द्यायला सांगितलं, सामान बेवारस सोडू दिलं नाही, अनोळखी व्यक्तीकडून काही घेऊ दिलं नाही, सहकार्याबद्दल आभार मानले आणि थुंकायला दाराजवळच्या कुंडीकडे वळले.

बटणने माझा हात मागे ओढला. "अजून नाही आजी," ती म्हणाली. "आधी काकांना लिफ्टमध्ये जाऊ दे."